डाव्या कानात मास्तर

सोमवार, ३

आज ऑफिसने माझा एक कान काढून घेतला. कुठला, ते अजून कळलेलं नाही.

सगळे कॉम्प्युटर बदलले. विंडोज गेलं, लिनक्स आलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही, घरी गेली सहा वर्षं मी लिनक्सवरच आहे, ही डायरीही त्यावरच टाइप करतो. पण वायरचे हेडफोनही गोळा करून खोक्यात टाकले आणि प्रत्येकाला एकेक ब्लूटूथ हेडसेट दिला. आम्ही बारा जण. अकरा जण खूश. शेजारचा पुदिना (दिवसभर पुदिन्याच्या गोळ्या चघळतो, म्हणून पुदिना) तर हेडसेट घालून पाण्यापर्यंत फिरून आला.

मला काय अडचण आहे ते संगणकवाल्याला फोनवर तीन वेळा समजावलं, म्हणून आता पाठच झालंय. मला दिसत नाही. विजेच्या तक्रार केंद्रात अकरा वर्षं फोन घेतोय. उजव्या कानात ग्राहक, डाव्या कानात मास्तर. मास्तर म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा कॉम्प्युटरचा आवाज. ग्राहक मीटरचा नंबर सांगत असतो, मी टाइप करत असतो आणि त्याच वेळी मास्तर डावीकडून सांगत असतात की या भागात केबल तुटली आहे, माणसं निघाली आहेत. दोघं एकदम बोलतात आणि मी दोघांचं ऐकतो. डोळसांना हे जमत नाही. यात मला जरा ऐट आहे, खोटं कशाला बोला.

आज फोन उचलला की डावं-उजवं संपत होतं. ग्राहक आणि मास्तर एकाच डब्यात कोंबलेले, दोघांचाही आवाज पत्र्याचा. एका बाईंना चार वेळा नंबर विचारला. पाचव्यांदा त्या म्हणाल्या, "तुम्हाला ऐकू येत नाही का?"

म्हण आहे, आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. मी दोन कान मागतोय आणि मिळतोय एक.

मंगळवार, ४

संगणकवाला आला. आवाजावरून तिशीचा, स्वभावाने बरा. म्हणाला, "काका, हा बिघाड नाहीये. हेडसेटची दोन प्रोफाइल असतात. एकात आवाज मस्त, दोन्ही कानांत वेगवेगळा, पण माइक बंद. दुसऱ्यात माइक चालू, पण आवाज एकेरी. ब्लूटूथ असंच असतं."

"म्हणजे नीट ऐकायचं तर बोलायचं नाही आणि बोलायचं तर नीट ऐकायचं नाही?"

"तसंच समजा."

"तुमचं लग्न झालंय का?"

हसला. मग हळू आवाजात म्हणाला की माझ्यापुरता वायरचा सेट मागवता येईल. जुन्या पिनेला या नव्या कॉम्प्युटरांत भोकच नाही, म्हणून वेगळ्या जातीचा लागेल. त्यासाठी अर्ज करायचा, अपंगत्वाचा दाखला जोडायचा आणि वर केंद्रप्रमुख मॅडमचा शेरा घ्यायचा, 'विशेष बाब' म्हणून.

नको म्हटलं. अकरा वर्षांत एकदाही विशेष बाब झालो नाही. बारा जणांत एक, एवढंच मला हवं होतं आणि तेवढं मी मिळवलं होतं.

मॅडमनी संध्याकाळी आकडे सांगितले. सगळ्यांचा एका फोनला सरासरी वेळ चार मिनिटं. माझा नऊ. "वीस तारखेपर्यंत बघू," म्हणाल्या. "नाही जमलं तर तुमच्यासाठी दुसरं काहीतरी शोधावं लागेल." आवाज मऊ होता. मऊ आवाजाची मला जास्त भीती वाटते.

शुक्रवार, ७

धाकटीला, म्हणजे माझ्या बहिणीला, बदलीची ऑर्डर मिळाली! ती पुलांच्या कंपनीत नकाशे काढते. नऊ वर्षं इतरांनी मोजलेल्या नद्यांचे नकाशे काढले, आता तिला प्रत्यक्ष पुलावर पाठवतायत, दुसऱ्या टोकाच्या शहरात, दोन वर्षांसाठी. होकार अठरा तारखेपर्यंत कळवायचा.

सांगताना तिने आधी नाही म्हणूनच सुरुवात केली. "जमेलसं वाटत नाही रे दादा. तू एकटा कसा राहशील?"

मी चिडलो. "मी काय तान्हं बाळ आहे? कमावतो, स्वतःचा चहा करतो, बस पकडतो."

"ऑफिसात हल्ली काहीतरी बिनसलंय तुझं. आल्यावर बोलत नाहीस."

"हेडसेटचं आहे. आठवड्यात सुटेल."

"मग ते सुटू दे. तुझं मार्गी लागलं की मी हो कळवते."

म्हणजे आता तिचा पूल माझ्या हेडसेटवर उभा आहे. आजची सरासरी साडेनऊ.

रविवार, ९

सेट घरी आणला होता. सकाळी सातपासून बसलो. जगभरच्या लोकांनी हाच प्रश्न विचारून ठेवलाय आणि जगभरच्या शहाण्यांनी उत्तरं दिली आहेत. आवाजाचा जुना प्रोग्रॅम काढून नवा टाकला. नव्याची सेटिंग फाइल बदलली. ब्लूटूथ बंद केलं, चालू केलं, जोडणी विसरायला लावली, पुन्हा जोडली. एका उपायाने पत्र्याचा आवाज जरा पितळेचा झाला, पण कान एकच. दुसऱ्या उपायाने आवाजच गेला, आणि त्याबरोबर मास्तरही गेले. मास्तर गेले म्हणजे पडद्यावर काय आहे ते मला कळणार कसं? धाकटीला हाक मारून एकेक ओळ वाचून घेतली. ती इंग्रजी अक्षरं सुटी सुटी वाचत होती, मी सांगत होतो तशी टाइप करत होती. दीड तास लागला. पुढच्या महिन्यात हे घडलं तर कोण वाचणार, हे दोघांच्याही मनात होतं.

एका जागी एकाने सरळच लिहिलंय: उगाच डोकं फोडू नका, हे होणार नाही. त्या एका वाक्याला दोनशे जणांनी दुजोरा दिलाय. आठ तास घालवून मी त्या दोनशेएकांच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.

खरं लिहायचं तर आज रडू आलं. पंचेचाळीस वर्षांचा माणूस कानाच्या यंत्रापुढे रडतो! जन्मापासून दिसत नाही त्याचं मला इतकं कधी वाटलं नव्हतं. तिथे निदान काय गेलं ते ठाऊक नाही. हे माझ्या हातातलं होतं.

सोमवार, १०

जमलं!

युक्ती माझी नाही, धाकटीची. सकाळी मला डबा देताना म्हणाली, "हेडसेटचा माइक चालू केला की बिघडतं ना? मग तो वापरूच नकोस. माझा मीटिंगचा माइक घेऊन जा."

मी दारातच थांबलो. दोनशे शहाणे एकीकडे आणि ही एकीकडे.

काडेपेटीएवढा माइक आहे. पडद्यामागे ठेवला की दिसत नाही, असं पुदिना म्हणतो. बाहेरचं यंत्र लावायला मनाई आहे, पण एवढ्याशासाठी कोण विचारतंय? वेगळा हेडफोन डोक्यावर घातला असता तर सगळ्यांना दिसला असता आणि पुन्हा अर्ज, दाखला, शेरा. कॉम्प्युटरला सांगितलं, बोलणं या माइकमधून घे, ऐकवणं हेडसेटमधून, आणि हेडसेटचा माइक काही झालं तरी उघडू नकोस. डावीकडे मास्तर, उजवीकडे माणूस. पहिला फोन घेतला तेव्हा दोन्ही बाजूंना खिडक्या उघडल्यासारखं वाटलं. सरासरी सहावर आली.

बुधवार, १२

साडेचार मिनिटं.

या धंद्यातलं एक गुपित लिहून ठेवतो. ग्राहक वाट्टेल ते बोलतो आणि आपण गोड बोलायचं, असं अकरा वर्षं केलं तर माणूस नासतो. माझा उपाय म्हणजे हेडसेटवरचं बंदचं बटण. (फोनच्या प्रोग्रॅममध्येही तसं बटण आहे, पण ते मास्तरांना वाचता येत नाही.) बटण दाबलं की कानात टिंग वाजतं. टिंग झालं की माइक बंद, मग मी मनातलं बोलून घेतो. पुन्हा दाबलं, टिंग, की पुन्हा गोड.

आज एक गृहस्थ ओरडत होते, "दोन तास झाले, अंधारात बसलोय आम्ही!" टिंग. "मी पंचेचाळीस वर्षं बसलोय, माझी तक्रार कुठे नोंदवू?" टिंग. "आपली गैरसोय झाली त्याबद्दल दिलगीर आहोत, सर."

ते एकदम थांबले. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "नाही नाही. सावकाश करा. घाई नाही." आणि फोन ठेवला.

माझ्या आवाजात काहीतरी वजन आलं असावं. दोन्ही कान जागेवर आले की माणसाचा आत्मविश्वास ऐकू येतोच.

शुक्रवार, १४

तीन मिनिटं पन्नास सेकंद. मी पुदिन्याच्या पुढे गेलो.

लोक आठवड्याभरात फार सभ्य झालेत. आज भांडायला आलेल्या चौघांनी मध्येच भांडण सोडून दिलं. एक म्हातारे पंखा नाही म्हणून कुरकुरत होते. मी टिंग करून म्हटलं, "आजोबा, पंखाच गेलाय ना? माझं तर घरच उठायला लागलंय." तर थोड्या वेळाने विचारतात, "बाळा, जेवलास का?" एका बाईंनी नंबर न देताच "काळजी घ्या" म्हणून फोन ठेवला. काळजी कसली घ्यायची? वीज त्यांची गेलेली.

धाकटीला सरासरी सांगितली. तिने टाळी वाजवली. मंगळवारी होकार कळवते म्हणाली. मोठी बॅग माळ्यावरून काढली, तिची चाकं घरभर फिरवून पाहिली. तो आवाज मी बराच वेळ ऐकत बसलो.

सोमवार, १७

मला लाज वाटते, पण लिहितो. इथेही जे लिहिलं नव्हतं ते आज पुदिन्याशी बोलून गेलो.

दुपारी दीडच्या सुमाराला एक फोन आला. नेहमीचं स्वागताचं वाक्य म्हटलं, पलीकडून काहीच नाही. मुका फोन लगेच तोडायचा नसतो, अर्धं मिनिट थांबायचं असा नियम आहे. टिंग केलं, उजवा कान मोकळा केला, कारण पुदिना उजवीकडे बसतो आणि त्याने नेमकं तेव्हाच विचारलं, "बहिणीचं नक्की झालं का मग?"

"झालं. मीच लावतोय तिला जायला."

"मोठं मन आहे तुमचं."

या वाक्याने काय झालं कोण जाणे. मी म्हणालो, "कसलं मोठं मन घेऊन बसलात! अहो, तिच्या पावलांवर माझं घर चालतं. ती या खोलीतून त्या खोलीत गेली की मला घर केवढं आहे ते कळतं. ती गेली की दोन महिनेसुद्धा मी निभावणार नाही. रोज सकाळी उठून पहिलं काय म्हणतो माहितीये? हिची ऑर्डर रद्द होऊ दे. भावाने असं म्हणावं का? पण म्हणतो."

पुदिन्याच्या तोंडातली गोळी वाजायची थांबली. डावीकडून मास्तर म्हणाले, तीस सेकंद. मी फोन तोडला.

बोलून टाकलं की हलकं वाटतं म्हणतात. मला नाही वाटलं. पण निदान ते तिच्या कानावर जाणार नाही. आपल्या मनातली घाण आपल्या ऑफिसात राहिलेली बरी.

घरी आलो तर दुपारभर वीज नव्हती म्हणे. तिने आज सामान बांधायला सुट्टी घेतली होती. मी थट्टा केली, "मग तक्रार करायचीस. माझ्याच लाइनवर लागला असता फोन."

"केला होता. लागला नाही," ती म्हणाली.

मंगळवार, १८

धाकटीची ऑर्डर रद्द झाली.

संध्याकाळी आल्या आल्या सांगितलं. वरूनच रद्द झाली, पुलाचं काम पुढे ढकललं. चपला काढता काढता सांगितलं, बसपास हरवल्याचं सांगावं तसं. मग बॅग माळ्यावर टाकली. चाकं भिंतीला लागली तो आवाज आला, बाकी काही नाही.

माझ्या मनात पहिला शब्द आला तो 'सुटलो'. तो आला आणि मग मी हादरलो. रोज सकाळी मागत होतो, ते मिळालं. मी देवबीव मानत नाही, पण आज त्याच्यापुढे नाक घासून सांगावंसं वाटतंय की मी खरं म्हणत नव्हतो रे.

तिला म्हटलं, "पुढच्या वर्षी मिळेल."

"मिळेल की," म्हणाली. "तू कशाला तोंड पाडतोस?" मग माझ्याजवळ येऊन बसली. ती अशी विनाकारण येऊन बसत नाही. चिडली असती तर बरं वाटलं असतं.

गुरुवार, २०

आकड्यांसाठी बोलावलंय असं समजून गेलो. सदरा इस्त्रीचा होता.

मॅडमच्या खोलीत संगणकवालाही होता. मॅडम म्हणाल्या, "तुमची सरासरी साडेतीन मिनिटं आहे. सगळ्यांत चांगली. म्हणून आम्ही रेकॉर्डिंग ऐकायला घेतली, इतरांना शिकवायला." मग विचारलं, "हेडसेटवरचं बटण दाबल्यावर तुमचा माइक बंद होत नाही, हे तुम्हाला माहीत होतं का?"

मी म्हटलं, "टिंग वाजतं."

संगणकवाला म्हणाला, "काका, ते टिंग हेडसेटचं आहे. बटण हेडसेटचाच माइक बंद करतं. तो तुम्ही वापरतच नव्हता. पडद्यामागचा माइक सारखा चालू होता."

मला समजायला वेळ लागला नाही. समजू नये असं वाटत होतं, त्याला वेळ लागला.

त्यांनी माझ्या डोक्यावर हेडसेट घातला. रेकॉर्डिंगमध्ये कर्मचारी डावीकडे असतो, ग्राहक उजवीकडे. सुरेख आवाज, दोन्ही कान वेगळे, कुठे खरखर नाही. उजवीकडे ते अंधारातले गृहस्थ ओरडत होते. डावीकडे, मास्तरांच्या जागी, एक कडवट, कुजकट माणूस. आवाजावरून माणूस ओळखतो म्हणून मिरवतो ना मी? या माणसाला मी घरात घेतलं नसतं. आणि उजवीकडे ते गृहस्थ गप्प झाले, मग म्हणाले, "सावकाश करा."

मॅडमनी असे अकरा ऐकवले. म्हणाल्या, "एकानेही तक्रार केलेली नाही. म्हणून आम्हाला उशिरा कळलं."

म्हणजे साडेतीन मिनिटं माझी नव्हतीच. त्या सगळ्यांनी माझी कीव करून फोन लवकर ठेवले होते. विशेष बाब व्हायचं नाही म्हणून मी अर्ज केला नाही, आणि दहा दिवस अख्ख्या गावासाठी विशेष बाब होऊन बसलो होतो.

उद्यापासून फोन बंद. लेखी तक्रारींच्या टेबलावर बसायचं, पगार तोच. "काढत नाहीये आम्ही तुम्हाला," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज आज मऊ नव्हता, थकलेला होता. मग म्हणाल्या, "एक शेवटचा आहे. यात तुम्ही ग्राहकाला काहीच बोललेला नाहीत. पण ग्राहक रडतोय. का, ते आम्हाला कळलं नाही. तुम्हाला काही आठवतंय का?"

डावीकडे मी: मीच लावतोय तिला जायला. उजवीकडे कोणीतरी हसलं, आवाज न करता, नाकातून. मला चकवायचं असलं की ती लहानपणापासून अशीच हसू दाबून गप्प उभी राहते. मग डावीकडे मी बोलत गेलो, आणि उजवीकडचं ते हसू कुठल्या शब्दाला थांबलं तेही स्पष्ट कळलं. 'दोन महिनेसुद्धा'ला. त्यानंतर फक्त श्वास. मी 'रद्द होऊ दे' म्हटल्यावर हुंदका आला, तोही अर्धाच, तोंडावर हात दाबल्यासारखा. तीस सेकंद पुरी होताना ती म्हणाली, "दादा—" आणि मी फोन तोडला.

मॅडमना सांगितलं, मला काही आठवत नाही.

अठरा तारीख परवाच होऊन गेली.

घरी आलो. धाकटी जेवण गरम करत होती. मी सांगितलं, मला लेखी विभागात घेतलं, तिथे डोक्याला ताप कमी. "बढतीच आहे म्हण ना," म्हणाली. आनंद दाखवायला आवाज जरा वर चढवला होता. तिला वाटतं, ते मला कळत नाही.

सांगायचं म्हणून तोंड उघडलं होतं. तू जा, मी वाटेल ते बोललो, अजून विचारून बघ, असं सगळं बसमध्ये जुळवून आणलं होतं. पण तोंडातून निघालं ते इतकंच: "तिकडे पुलावर आता कोण जाणार?"

"माझ्या समोरच्या टेबलावरची जातेय," ती म्हणून गेली. "परवा निघेल."

काम पुढे ढकललेलं, ऑर्डर रद्द झालेली. तरी समोरची निघणार होती. तिचा डाव भांड्यात होता, तो हलायचा थांबला. मी ताट पुढे ओढलं.

"जेव," ती म्हणाली. "गार होतंय."

मी जेवलो.